वाचकांचे प्रश्न : कार्ड महागाचं, तरी काम संथ

मागच्या अंकात ग्राफिक्स कार्डावर आकडेमोड करण्याबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांची तक्रार एकच. कार्ड घेतलं, कोड चालला, पण वेग काही दिसेना. सगळी पत्रं घेणं शक्य नाही, म्हणून ज्यांनी आकडे दिलेत त्यांना आधी उत्तरं देते आहे. ‘स्लो चालतंय, काय करू?’ एवढंच लिहिणाऱ्यांनी कार्ड कुठलं, डेटा केवढा आणि वेळ कसा मोजला, हे कळवावं. त्याशिवाय मी काहीही सांगितलं तरी ते अंदाजपंचेच असेल.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेकंडहँड आरटीएक्स ३०६० घेतलं, १२ जीबीवालं. एक कोटी आकड्यांचे दोन अ‍ॅरे घ्यायचे, पहिल्याला एका ठरावीक संख्येने गुणायचं आणि दुसऱ्यात मिळवायचं, इतका साधा प्रोग्रॅम कुडामध्ये (एनव्हिडियाच्या कार्डांसाठी कोड लिहायची पद्धत) लिहिला. तोच प्रोग्रॅम सीमध्ये लिहून प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर चालवला तर तीन-साडेतीन मिलिसेकंदांत उरकतो. कार्डावर दहाच्या वर लागतात, आणि पहिल्या वेळी तर फारच जास्त. मदरबोर्ड जुना आहे, पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा. दुकानदाराने खराब कार्ड गळ्यात मारलं का?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : दुकानदाराला उगाच शिव्या घालू नकोस. कार्ड ठणठणीत आहे, आणि ते तुझ्याच आकड्यांवरून दिसतं. कागद-पेन्सिल घे.

एक फ्लोट, म्हणजे साधा दशांश आकडा, चार बाइटचा. असे एक कोटी म्हणजे ४० एमबी. दोन अ‍ॅरे कार्डावर पाठवायचे म्हणजे ८० एमबी जाणार आणि उत्तराचे ४० एमबी परत येणार. एकूण १२० एमबीची ने-आण. तुझ्या बोर्डावरच्या स्लॉटची कागदावरची क्षमता सेकंदाला १६ जीबीच्या जरा खाली आहे आणि प्रत्यक्षात १२ जीबीच्या आसपास हाती लागते. १२० एमबीला १२ जीबीने भाग. दहा मिलिसेकंद. तुझे ‘दहाच्या वर’ इथेच गेले.

आता खुद्द गणिताला किती वेळ लागला ते बघ. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ३६० जीबी देते. तेच १२० एमबी तिथे वाचायला-लिहायला एक तृतीयांश मिलिसेकंद लागतो. म्हणजे पाव-अर्ध्या मिलिसेकंदाच्या कामासाठी दहा मिलिसेकंद वाहतूक. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच प्रकार. तुझ्या प्रोसेसरला ही ने-आण करावीच लागत नाही. दोन चॅनेलची डीडीआर४-३२०० असेल तर तिची कमाल क्षमता ५१ जीबी आहे. त्यातली चाळीस मिळाली तरी तीन मिलिसेकंदांत काम फत्ते.

पहिल्या वेळच्या ‘फारच जास्त’ वेळाकडे दुर्लक्ष कर. कुडाचा पहिला कॉल गेला की ड्रायव्हर आपलं सगळं बिऱ्हाड मांडतो, आणि त्यात सेकंदाचे काही दशांश सहज जातात. एकदा रिकामी फेरी मारून घ्यायची आणि मग मोजायचं. मोजतानाही पाठवणं, कर्नल (म्हणजे प्रोग्रॅमचा कार्डावर चालणारा भाग) आणि परत आणणं हे तीन आकडे वेगळे घे. कर्नलची हाक दिली की प्रोसेसर तिथे थांबत नाही, पुढच्या ओळीला लागतो. त्यामुळे घड्याळ थांबवण्याआधी सिंक्रोनाइझ केलं नाहीस, म्हणजे कार्डाचं काम संपेपर्यंत थांबला नाहीस, तर कर्नल काही मायक्रोसेकंदांत संपल्यासारखा दिसेल आणि तू उगाच खूश होशील. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत ‘आमचा कोड हजार पट वेगवान’ असं सांगणारी मुलं मला दर वर्षी भेटतात. बहुतेकांनी कर्नलला दिलेली हाकच मोजलेली असते.

साध्या मॅलॉकने घेतलेली मेमरी वापरत असशील तर ती पिन करून घे, म्हणजे जागेवर खिळवून ठेव, कुडामाल्लॉकहोस्टने. साध्या मेमरीची पानं ऑपरेटिंग सिस्टिम केव्हाही हलवू शकते. म्हणून ड्रायव्हर डेटा आधी आपल्या एका कोपऱ्यात उतरवून घेतो आणि तिथून कार्डाकडे पाठवतो. पिन केली की ही मधली उतरवाउतरवी वाचते. मोठा डेटा तुकड्यातुकड्याने वेगवेगळ्या स्ट्रीमवर (कार्डाच्या कामांच्या स्वतंत्र रांगांवर) पाठवलास तर एका तुकड्यावर गणित चालू असताना दुसरा वाटेवर असतो. पण या प्रोग्रॅममध्ये त्याने फार फरक पडणार नाही, कारण लपवावं एवढं गणितच त्यात नाही.

खरी मेख इथेच आहे. तुझ्या कार्डाच्या खोक्यावरचा आकडा १२.७ टेराफ्लॉप्सचा, म्हणजे सेकंदाला १२,७०० अब्ज आकडेमोडी. तू एका घटकासाठी दोन आकडेमोडी करतोस, एक गुणाकार आणि एक बेरीज, आणि त्यासाठी १२ बाइट हलवतोस. ३६० जीबीत सेकंदाला ३० अब्ज घटक बसतात, म्हणजे ६० अब्ज आकडेमोडी. बारा हजार सातशेपैकी साठ, अर्धा टक्काही नाही. कोड कितीही घासूनपुसून लख्ख केलास तरी हा प्रोग्रॅम त्या कार्डावर याच्या पुढे जाणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मेमरीतून आलेल्या दर बाइटमागे साधारण ३५ आकडेमोडी झाल्या तरच त्या ३,५८४ कोअरना पोटभर काम मिळतं. २००९ मध्ये विल्यम्स, वॉटरमन आणि पॅटरसन या तिघांनी हा हिशेब ‘रूफलाइन’ नावाच्या एका साध्या आलेखात मांडला. तो आलेख आपल्या कार्डासाठी स्वतः काढून भिंतीवर चिकटव. तासाभराचं काम आहे.

याच कार्डाची ताकद बघायची असेल तर ४,०९६ बाय ४,०९६ च्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार कर. डेटा तिन्ही मॅट्रिक्स मिळून जेमतेम २०० एमबी, पण आकडेमोडी १३७ अब्ज. दर बाइटला सातशेच्या आसपास. इथे मात्र प्रोसेसरची दमछाक होते. शिकण्यासाठी गुणाकार स्वतः लिही, जरूर लिही. प्रोजेक्टमध्ये मात्र एनव्हिडियाची तयार लायब्ररी क्यूब्लास वापर, तिथे हौस करू नकोस. आणि तुझे गुणणे-मिळवणे अशा बारीकसारीक पायऱ्या एकामागून एक असतील तर त्या एकाच कर्नलमध्ये गुंफ. डेटा एकदा कार्डावर चढवला की सगळी कामं उरकल्याशिवाय खाली उतरवायचा नाही.

प्रश्न : आमच्या कंपनीत यंत्रभागांचे कॅमेऱ्याने फोटो काढून त्यातले ओरखडे शोधतात. फोटो फ्लोटमध्ये बदलून त्यावर दोन फिल्टर चालतात, आधी आडवा, मग उभा. दोन्हींत गणित अगदी सारखं आहे, पण आडवा कर्नल झटकन होतो आणि उभ्याला कितीतरी पट वेळ लागतो. कोडच्या त्या ओळी सोबत जोडल्या आहेत. उभा कर्नल आडव्यावरूनच कॉपी करून ओळ आणि स्तंभ यांची अदलाबदल केली आहे.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे, ताई. कार्डावर समांतर चालणाऱ्या एकेका कामकऱ्याला थ्रेड म्हणतात आणि त्याला एक्स, वाय असे क्रमांक असतात. आडव्या कर्नलमध्ये थ्रेडचा एक्स हा स्तंभ आहे. उभ्यात कॉपी करताना तुम्ही एक्सला ओळ केलंत. गणिताच्या दृष्टीने काही बिघडलं नाही, उत्तर बरोबरच येतं. बिघडलं ते मेमरीचं.

कार्डावर थ्रेड सुटे चालत नाहीत. ३२ जणांची एक तुकडी असते, तिला वॉर्प म्हणतात, आणि सगळी तुकडी एकाच वेळी मेमरीकडे हात पसरते. आणि मेमरी सुटं काही देत नाही. बाजारात भाजीचा किंवा मासळीचा वाटा घ्यावा लागतो तसं आहे. इथला वाटा ३२ बाइटचा. एक्स म्हणजे स्तंभ असेल तेव्हा ३२ थ्रेड एकाच ओळीतले शेजारशेजारचे ३२ फ्लोट मागतात. ते झाले १२८ बाइट, म्हणजे बरोबर चार वाटे, सगळे पूर्ण वापरात. एक्स म्हणजे ओळ असेल तेव्हा ३२ थ्रेड ३२ वेगवेगळ्या ओळींतला एकेक फ्लोट मागतात. ३२ वाटे उचलले, १,०२४ बाइट आले आणि त्यातले १२८ कामाचे. आठातले सात भाग वाया. त्यातलं काही कॅशमध्ये, म्हणजे जवळच्या छोट्या मेमरीत, टिकतं आणि पुढच्या वाचनाला उपयोगी पडतं, म्हणून प्रत्यक्ष फटका कधी आठपटीहून कमी बसतो. फोटो फ्लोट न करता एका बाइटच्या पिक्सेलवरच काम केलं असतंत तर चाल सुधारल्यावर ३२ थ्रेडचं काम एका वाट्यात भागलं असतं, आणि आत्ताच्या चालीने ३२ वाटेच लागले असते. तिथे फटका बत्तीसपटीचा.

उपाय सोपा. उभ्या कर्नलमध्येही एक्सला स्तंभच ठेवा आणि वर-खाली चालायचं काम थ्रेडच्या आतल्या लूपवर सोपवा. प्रत्येक थ्रेड आपल्या स्तंभात वर-खाली वाचेल, पण दर पायरीला ३२ थ्रेड मिळून एकाच ओळीत शेजारशेजारी असतील. फिल्टर उभा असला म्हणून वाचन उभं असलंच पाहिजे असं काही नाही. दोन ओळींचा बदल आहे, सोमवारी करून मंगळवारी कामाला लावता येईल.

काही कामांत मात्र ही चाल सुधारून भागत नाही. मॅट्रिक्स उलटवायची, म्हणजे ट्रान्सपोज करायची असेल तर वाचन आडवं ठेवा की लेखन, दोघांपैकी एक उभं होणारच. तिथे शेअर्ड मेमरी, म्हणजे थ्रेडच्या गटाची सामायिक छोटी पण झटपट मेमरी, वापरतात. ३२ बाय ३२ चा चौकोन आडवा वाचून शेअर्ड मेमरीत ठेवायचा आणि तिथून उभा उचलून पुन्हा आडवा लिहायचा. यातली गंमत सांगते. शेअर्ड मेमरीचे ३२ कप्पे असतात, प्रत्येक चार बाइट रुंद. चौकोन बरोबर ३२ रुंद ठेवला तर एका स्तंभातले सगळे ३२ आकडे एकाच कप्प्यात येतात आणि ३२ थ्रेड एकाच दारात रांग लावतात. म्हणून जाणते लोक चौकोन ३२ बाय ३३ चा घेतात. त्या तेहतिसाव्या स्तंभात कधीच काही लिहिलं जात नाही. त्याच्यामुळे दर ओळ एका कप्प्याने सरकते आणि रांग मोडते, एवढंच त्याचं काम.

तुमच्या जोडलेल्या ओळींत आणखी एक गोष्ट खटकली. फिल्टरचे गुणक तुम्ही ०.२५, ०.५ असे लिहिलेत. मागे एफ नसला की सीमध्ये ती संख्या डबल, म्हणजे चारऐवजी आठ बाइटची, धरली जाते, तुमचा फ्लोटही डबल होतो आणि गुणाकार डबलमध्ये चालतो. तुमच्याकडचं कार्ड गेमिंगचं आहे, त्याचा डबलचा वेग फ्लोटच्या चौसष्टाव्या हिश्शाचा. प्रत्येक गुणकामागे एफ लावा. चूक म्हणावी इतकी ती दिसत नाही, कंपायलरही काही बोलत नाही, पण वेळ खाते.

प्रश्न : मॉडेल ट्रेनिंग करताना एनव्हिडिया-एसएमआयमध्ये (कार्डाची स्थिती दाखवणाऱ्या साधनात) कार्डाचा वापर १०० टक्के दिसतो. म्हणजे कार्ड पूर्ण वापरलं जातंय असंच ना? मग आणखी वेग हवा तर मोठंच कार्ड घ्यावं लागेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. त्या टक्क्यांचा अर्थ एवढाच की मोजलेल्या काळापैकी किती वेळ कार्डावर कुठला ना कुठला कर्नल चालू होता. एकुलता एक थ्रेड नुसता गोल गोल फिरत बसला तरी तिथे शंभरच दिसतील. त्यापेक्षा शेजारचा वॅटचा आकडा बघा. १७० वॅटचं कार्ड ‘शंभर टक्के’ वापरात असूनही ७०-८० वॅटच ओढत असेल तर ते बरंचसं वाट बघत बसलंय. उलट टक्के सारखे वर-खाली होत असतील तर बहुतेक वेळा दोष डेटा पुरवणाऱ्या बाजूचा असतो. फोटो उघडून, कापून, आकार बदलून देणारा प्रोसेसर मागे पडतो. पायटॉर्चमध्ये डेटालोडरचे वर्कर (डेटा तयार करून देणारे) वाढवा, पिन मेमरी चालू करा, आणि मिक्स्ड प्रिसिजन (जमेल तिथे कमी बाइटच्या आकड्यांत गणित) अजून लावलं नसेल तर लावा. मग एनसाइट सिस्टिम्स या प्रोफायलरवर, म्हणजे वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या साधनावर, एकदा काळपट्टी काढून बघा. दोन कर्नलच्या मधल्या मोकळ्या जागा डोळ्यांना दिसतात. नव्या कार्डाचं त्यानंतर बोलू.

प्रश्न : माझ्या कर्नलची ऑक्युपन्सी प्रोफायलर ६७ टक्के दाखवतो. कंपायलरला रजिस्टरची मर्यादा घालून ती १०० केली, तर कर्नल आणखी मंदावला. हे कसं?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : ऑक्युपन्सी म्हणजे एका वेळी किती वॉर्प हजर आहेत त्याचं प्रमाण. किती काम झालं त्याचं नाही. तुम्ही कार्ड कळवलेलं नाही, पण ६७ वरून अंदाज येतो. ३०६० च्या घराण्यातल्या कार्डांवर दर एसएममागे (कोअरच्या एकेका गटामागे) ६५,५३६ रजिस्टर, म्हणजे थ्रेडच्या अगदी हाताशी आकडे ठेवायच्या जागा, असतात आणि जास्तीत जास्त १,५३६ थ्रेड राहू शकतात. तुमचा कर्नल थ्रेडमागे ६४ रजिस्टर घेत असेल तर १,०२४ थ्रेड बसतात, म्हणजेच ६७ टक्के. शंभर करायचे तर प्रत्येकाला चाळीसच मिळतात. उरलेली मूल्यं कंपायलर ‘लोकल’ मेमरीत टाकतो. नाव लोकल असलं तरी ती असते कार्डाच्या मोठ्या मेमरीतच, मध्ये फार तर कॅशचा आडोसा. जे हाताशी होतं ते तुम्ही माडीवर नेऊन ठेवलंत.

जास्त वॉर्प हवेत ते मेमरीची वाट बघण्याचा वेळ झाकायला. तेच काम एका थ्रेडला एकाऐवजी चार घटक देऊनही होतं, कारण चारही वाचनं एकमेकांसाठी न थांबता सुटतात. कमी ऑक्युपन्सीवर जास्त वेग मिळू शकतो हे वसिली वोल्कोव यांनी २०१० मध्येच उदाहरणांसकट दाखवलं होतं. मर्यादा काढून टाका आणि ६७ वर समाधानी राहा. वीस-पंचवीस टक्के दिसले असते तर मी वेगळं सांगितलं असतं.

प्रश्न : मी स्थापत्य शाखेत शिकवतो. इमारतींच्या विश्लेषणाचा आमचा स्वतःचा फायनाइट एलिमेंट कोड (इमारतीचे लहान तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून हिशेब करणारा) आहे, सगळा डबल प्रिसिजनमध्ये. मॅट्रिक्स विरळ, म्हणजे बहुतेक घटक शून्य असलेली, असते आणि समीकरणं काँजुगेट ग्रेडियंटने (टप्प्याटप्प्याने उत्तराजवळ जाणाऱ्या पद्धतीने) सोडवतो. एकूण वेळेपैकी सुमारे ७० टक्के वेळ त्यात जातो. एका विक्रेत्याचं म्हणणं, गेमिंग कार्ड डबलला निरुपयोगी, एनव्हिडियाचं डेटा सेंटरचं कार्ड ए१०० च घ्या. कॉलेजकडे तेवढे पैसे नाहीत. काय करावं?
– एक प्राध्यापक, लातूर

उत्तर : सर, विक्रेत्याचं म्हणणं कागदावर खरं आहे. ३०६० चा डबलचा वेग १२.७ भागिले ६४, म्हणजे सेकंदाला जेमतेम २०० अब्ज आकडेमोडी. ए१०० चा ९,७०० अब्ज. जवळपास पन्नास पट. पण तुमच्या कामाला हा फरक लागूच होत नाही.

विरळ मॅट्रिक्स सदिशाला गुणताना शून्य नसलेल्या प्रत्येक घटकामागे ८ बाइटची किंमत आणि ४ बाइटचा स्तंभक्रमांक वाचावा लागतो. १२ बाइटना दोन आकडेमोडी, सांगलीच्या विद्यार्थ्याला सांगितला तोच हिशेब. ३६० जीबीत सेकंदाला ३० अब्ज घटक, ६० अब्ज आकडेमोडी. म्हणजे ज्या दुबळ्या डबलला विक्रेता नावं ठेवतो आहे, त्यालाही पुरेसं काम मेमरी देऊ शकत नाही. तो दोन तृतीयांश वेळ रिकामाच बसेल. ए१०० घेतलंत तर ४० जीबीच्या कार्डाची मेमरी सेकंदाला १,५५५ जीबी देते. फायदा चारपट-सव्वाचारपट, पन्नासपट नव्हे. उद्या काँजुगेट ग्रेडियंट सोडून दाट मॅट्रिक्स थेट सोडवायला लागलात तर गोष्ट वेगळी. तिथे चौसष्टावा हिस्सा चांगलाच झोंबेल.

दुसरं, तुमचे ७० टक्के. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये सांगितलेला मुद्दा इथे आडवा येतो. समीकरणं शून्य सेकंदांत सुटली असं धरलं तरी उरलेले ३० टक्के जागच्या जागी आहेत. कोड फार तर सव्वातीन पट वेगवान होणार, मग कार्ड लाखाचं असो की पंचवीस लाखांचं. तेव्हा खरेदीचा प्रस्ताव टाइप करण्याआधी त्या ३० टक्क्यांत काय चाललंय ते मोजा. बहुधा स्टिफनेस मॅट्रिक्सची जुळणी असेल, आणि ती एकेका एलिमेंटची असल्यामुळे समांतर करायला तशी बरी असते. एका नोडवर (तुकडे जुळतात त्या बिंदूवर) अनेक एलिमेंट एकाच वेळी बेरीज लिहायला येतात. तिथे अ‍ॅटॉमिक बेरीज (एका वेळी एकालाच लिहू देणारी) वापरा किंवा एलिमेंटना रंग देऊन एका रंगाचे एका वेळी घ्या. मॅट्रिक्सचा आराखडा बदलत नसेल तर तो एकदाच बांधा.

१२ जीबीत मॅट्रिक्स मावते का हेही बघावं लागेल. १० कोटी शून्येतर घटकांना १.२ जीबी पुरतात, त्यामुळे कॉलेजातल्या बहुतेक नमुन्यांना अडचण येऊ नये.

आणि ए१०० वर चालवून बघायचंच असेल तर ते विकत घेतलंच पाहिजे असं नाही. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये ट्रान्सप्युटर नावाच्या चिप जोडून परम ८००० हा महासंगणक उभा केला, तेव्हापासून समांतर संगणनाची पुण्यात चांगली रुजवण आहे. तिथलाच परम सिद्धी-एआय ए१०० कार्डांवर उभा आहे आणि जगातल्या सर्वांत वेगवान संगणकांच्या नोव्हेंबर २०२० च्या टॉप ५०० यादीत तो ६३ वा होता. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या यंत्रांवर शैक्षणिक संस्थांना वेळ मागता येतो. अर्जात वरचा बाइटचा हिशेब घाला. यंत्राचा वेळ कुठे जाणार हे ज्याला माहीत आहे, त्याच्या अर्जाकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं जातं.

प्रश्न : गेमिंग लॅपटॉपवर माझा कोड पहिली पाच मिनिटं जोरात चालतो, नंतर हळू. मेमरी लीक आहे का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : लीक असेल तर मेमरीचा आकडा चढत जाईल, तेवढा बघून घ्या. तो स्थिर असेल तर कार्ड तापून स्वतःचा वेग उतरवतंय. एनव्हिडिया-एसएमआयमध्ये तापमान आणि क्लॉक (कार्डाच्या ठोक्यांचा वेग) शेजारी ठेवून बघा, एक चढताना दुसरा उतरलेला दिसेल. चार्जर लावलेला ठेवा, मागची जाळी साफ करून घ्या, आणि वेगाची तुलना करायची असेल तर दहा मिनिटांनंतरचेच आकडे धरा.